तारेआडची हजेरी

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. रिक्षाचालकास एवढा एकच शब्द सांगितला की तो नेमका तेथे नेऊन सोडतो. त्या शब्दामागचा इतिहास मात्र आपल्या पूर्व विदर्भात फार थोड्यांना ठाऊक आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून ती भूमी प्रत्यक्ष पाहावी, ही आमची फार दिवसांची इच्छा होती. एका दिवाळीच्या सुटीत आम्ही गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो, दौंडला गाडी बदलली आणि सोलापुरास उतरलो.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. चोरी केली म्हणून चोर नव्हे, तर अमुक जमातीत जन्मला म्हणून चोर, हे त्याचे सूत्र होते. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात काटेरी तारेच्या आत आणून ठेवण्यात आली. गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बोटांचे ठसे आणि बाहेर पडायचे तर पास. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. या सगळ्याला नाव होते ‘सुधारणा’!

वस्तीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा भेटले. त्यांचे बालपण तारेच्या आत गेले होते. ते म्हणाले, “वडिलांना गिरणीतून यायला उशीर झाला की आई चूल सोडून फाटकाकडं बघत बसायची. भाकरीपेक्षा हजेरीची काळजी मोठी होती.” मग त्यांनी विचारले, “गुरुजी, तुमच्या शाळेत हजेरीला मूल नसलं तर काय करता?” आम्ही म्हणालो, “आजारी आहे का, ते बघतो. घरी निरोप धाडतो.” आजोबा शांतपणे म्हणाले, “आमच्याकडं शिपाई यायचा.”

जर्मनीत मार्च १९३३ मध्ये दाखाऊची छळछावणी सुरू झाली. पुढे नाझींनी ज्यूंबरोबर रोमा या भटक्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजालाही छावण्यांत कोंडले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथील रोमांच्या विभागात उरलेली माणसे, लेकराबाळांसह, विषारी वायूने मारण्यात आली. सोलापुरात वायूच्या कोठड्या नव्हत्या. दोन्ही ठिकाणे एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु माणसाची लायकी जन्मावरून ठरते, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे, आणि गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना तो ओळखू यावा. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य व आदिवासी यांच्याबरोबरच या जमातींची गणना केली आणि असे समाज निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला.

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला; संचारस्वातंत्र्य देणारे संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाले; हा कायदा देशातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आजही तेथील पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहितात. आपण मुक्त आहोत, हे पत्त्यातच सांगणारी वस्ती आम्ही अन्यत्र पाहिली नाही.

आपल्या निवासी शाळेलाही कुंपण आहे, फाटक आहे, सकाळ-संध्याकाळ हजेरी आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडील आईबाप धानाची मळणी आटोपून कामाच्या शोधात बाहेर पडतात, तेव्हा लेकरे आपल्या हवाली करून जातात. आपली हजेरी काळजीची आहे; ती संशयाची होऊ नये, याची जबाबदारी आपली. वसतिगृहात एखादी वस्तू हरवली की पहिला हात कोणाच्या पेटीकडे जातो? त्या मुलाची जात पाहून जात असेल, तर सोलापूरची तार आपल्या अंगणात उभी आहे, असे समजावे.

आपले माजी विद्यार्थी आज पोलीस आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. त्यांच्यासमोर पाल ठोकून राहणाऱ्याचे पोर उभे राहील, तेव्हा आधी त्याचे नाव विचारावे, जमात नंतर. शाळेच्या या स्मरणिकेतून आम्ही एवढेच मागतो.

जय भीम!