काळविटाचे कान

सिद्धेश्वरला, पूर्णेवरच्या धरणापासून जवळच, एका परिचितांच्या जुन्या घरी आमचे जाणे-येणे आहे. त्या घराच्या ओसरीत निजामी राजवटीत शिकार झालेल्या एका काळविटाचे शिर टांगलेले आहे. मालकीचे प्रमाणपत्रही घरच्यांनी जपून ठेवले आहे. शिंगांचा पीळ अजून पाहत राहावा असा. कान मात्र वाळलेल्या विड्याच्या पानासारखे आत मुडपलेले. त्या घरच्या आत्याबाई, ज्यांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही एके काळी टिपून घेतल्या, त्याकडे पाहून म्हणायच्या, "सर, मेल्यालं हाय त्ये कळतंय, पर मरताना भ्यालं व्हतं का, त्ये काय कळना."

कान सरळ करून मिळतील का, असे पुढे घरच्यांनी आम्हांस विचारले. मराठीच्या अध्यापकांना हे विचारावे याचे नवल वाटले. पण पुस्तकांत शोधणारी माणसे त्यांच्या ओळखीत आम्हीच होतो.

'पेंढा भरणे' हा आपला रूढ शब्दप्रयोग मुळात दिशाभूल करणारा आहे. जाणता कारागीर पेंढा भरत नाही. तो प्राण्याच्या देहाची प्रतिकृती घडवतो आणि तिच्यावर कातडे चढवतो. १९९९ मध्ये बंद झालेल्या म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात अशा प्रतिकृती कागदाच्या लगद्यातून साच्यांवर घडत. कानाचे काम मात्र वेगळे. कानाला बाहेरचे व आतले असे दोन पदर, आणि मध्ये कूर्चा. ती जागच्या जागी ठेवली तर वाळताना आकसते आणि कातड्यालाही मुरडते. म्हणून कान पायमोज्यासारखा टोकापर्यंत उलटा करून कूर्चा सोडवून काढतात. जे अस्सल, तेच ठेवले तर कान बिघडतो, ही गोष्ट आम्हांला प्रथम पटेना.

मग तिच्या जागी काय घालावे? पूर्वी शिशाचा पातळ पत्रा कापून घालीत. तो हवा तसा वाकतो. पण कालांतराने त्यावर पांढरी पूड धरते. प्लास्टिकचे तयार कान मिळतात. ते सोयीचे खरे, परंतु गोंद सर्वत्र सारखा बसला नाही तर कानाच्या खोलगट भागातले कातडे वाळताना ताणून उचलले जाते. शिवाय तयार कान सरासरीचा असतो, या जनावराचा नव्हे. मोटारीच्या पत्र्यावर भरतात ती पुट्टी कडक आणि टिकाऊ, पण काही मिनिटांतच घट्ट होते. हात सराईत हवा. दोन भाग कालवून करायची इपॉक्सीची माती सावकाश घट्ट होते, त्यामुळे बोटांनी दाबून कानाच्या कडा आणि शिरा घडवायला सवड मिळते. काहीही वापरले तरी कातडे पुरते वाळेपर्यंत कानाला पुठ्ठ्याचा आधार द्यावा लागतो.

पण पदार्थ निवडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते : हा प्राणी ऐकतो आहे की घाबरला आहे? टवकारलेला कान आणि मागे पाडलेला कान यांत सगळी मनःस्थिती येते. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात धावत्या घोड्यांचे ताठ, निश्चल कान कालिदासाने टिपले, ते उगाच नव्हे. म्हणूनच मृत प्राण्याची मापे कातडे काढण्यापूर्वीच घेतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये सुरू झालेल्या टॅक्सिडर्मी केंद्राशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते डॉ. संतोष गायकवाड मुळात पशुवैद्यक आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

आमच्या काळविटाची मापे कोणी घेतली नव्हती. इतक्या वर्षांचे वाळलेले कातडे उलटवू जाता तडकण्याचे भय; शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही. कान आहेत तसेच राहू द्यावेत, असे आम्ही घरच्यांना कळवले.

हे लिहिताना आत्याबाईंच्या ओव्यांची वही पुढ्यात होती. 'पानी'चे आम्ही 'पाणी' केले होते, 'व्हतं'चे 'होते'. वर्गात शिकवता यावे म्हणून प्रमाणभाषेचा तयार कान बसवला होता. कागदावर उतरवताना आवाज सुटणारच, ती आमची चूक नव्हे. पण सोडवण्यापूर्वी मापे घ्यायची असतात, ती आम्ही घेतली नाहीत. ध्वनिफितीला बुरशी लागली आणि आत्याबाई आता नाहीत. घाईत पेन्सिलीने उतरवलेल्या सहा ओव्या तेवढ्या जुन्या कागदांत सापडल्या; त्यांत 'व्हतं' तसेच आहे. यंदा वर्गात आम्ही तेवढ्याच सहा वाचल्या.