आईचं बायबल

आई गेली त्या वर्षी माझी प्रार्थना सुटली. रविवारी चर्चला जायचे, पण मनात शब्दच उमटत नसत. तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये डोळे मिटण्यापूर्वी त्यांनी ते पुरं केलं.

मग मीही ठरवलं, मन लागो न लागो, पहाटे आईच्या बायबलमधला एक अध्याय वाचायचाच. कित्येक महिने नुसतं वाचणंच झालं. एके सकाळी पुस्तक मिटताना ओठांवर आपसूक आलं, 'हे प्रभू!' मुलांनो, मन लागत नसेल तेव्हाही प्रार्थनेची वेळ मोडू नका.