शिंग मोडलेला बैल

वसुबारसेच्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांनी किल्ल्यासाठी लाल मातीचं पोतं रिकामं केलं, पाणी शिंपडलं आणि तो ओला वास जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यावर आला. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, दिवाळीला पोरांना काय आणू? लिंक टाक, मागवून टाकतो."

लिंक शोधायला घेतली, पण तो वास सोडेना.

आम्ही मावळे मागितले होते. आत्याला, पोस्टकार्डावर. दोन भालेवाले, एक तोफ, जमलंच तर सिंहासनावरचे महाराज. भाऊबीजेला ती भोरहून एसटीने कात्रजचा घाट उतरून आली आणि पिशवीतून निघाला मातीचा बैल. एक शिंग मोडलेला. "मी बैल मागितलाच नव्हता," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आणि तोही मोडका!" आत्या एवढंच म्हणाली, "गाडीत मोडलं असेल गं. धक्के काय कमी होते?"

बाबांनी सावरायला इतिहास काढला. एप्रिल १६६३. लाल महालात शिरून महाराजांनी शाहिस्तेखानाची बोटं छाटली आणि पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, असं सांगतात. मोगलांची फौज उजेडामागे घाटाकडे, महाराज सिंहगडावर. "म्हणजे तुझा बैलही मावळाच की!" मला मुळीच पटलं नाही. एका शिंगाचा बैल पलिते कुठे बांधणार? मी त्याला किल्ल्यामागे, उगवलेल्या अळिवात तोंड खुपसून ठेवला. तुळशीच्या लग्नापर्यंत तो तिथेच होता.

लग्नानंतर मी त्याच घाटाच्या पायथ्याशी राहायला आले. आता बऱ्याच गाड्या नव्या बोगद्यातून जातात. तरी जुन्या घाटातून रात्री दिवे उतरताना दिसले, की आत्या दिसते. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून, वळणावळणाला तोल सावरत बसलेली. बैलच का आणला, हे तिला विचारायचं राहून गेलं. आता ती नाही.

"तो बैल आठवतो तुला?" मी फोनवर विचारलं.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.

"शिंग माझ्या हातून मोडलं होतं, ताई. तू आत निरांजनाच्या वाती करत होतीस, तेव्हा मी पिशवीत हात घातला होता. आत्याने पाहिलं होतं."

खाली पोरं बुरूज थापत होती. लिंक त्याने पुन्हा मागितली नाही. मीही पाठवली नाही.