लाल ओळीच्या मागे

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत एरर उमटते, शेजारी फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, आणि बहुतेक प्रोग्रामर थेट त्या ओळीकडे धाव घेतात. सगळं एकाच फाइलमध्ये असेल तर हे बऱ्याचदा जमून जातं. जावास्क्रिप्ट पाच-सात फाइलींत विभागलेली असली, की त्या पत्त्यावरून एवढंच कळतं की गाडी कुठे अडली. बिघाडाचं मूळ फाइली कोणत्या क्रमाने आल्या यात शोधावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. समजा, पहिल्या फाइलीत 'बेरीज' नावाचं फंक्शन आहे आणि दुसरी फाइल ते वापरते. पहिलीत एक महिरपी कंस बंद करायचा राहिला. ब्राउझर आधी अख्खी फाइल तपासतो. व्याकरण चुकलेलं आढळलं तर तिच्यातली एकही ओळ चालवत नाही. पुढची फाइल मात्र तो बिनदिक्कत चालवायला घेतो. मग तिथे 'बेरीज इज नॉट डिफाइंड' असा संदेश येतो आणि दर क्लिकला त्यात भर पडत जाते. खरं कारण सांगणारी 'सिंटॅक्स एरर'ची ओळ मात्र एकच असते, यादीत सगळ्यात वर, आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते. स्क्रिप्टच्या टॅगला 'असिंक' लावलं असेल तर आधी उतरेल ती फाइल आधी चालते, म्हणून एरर एकदा दिसते आणि रिफ्रेश केल्यावर नाहीशी होते. 'डिफर' लावलं तर क्रम टिकतो.

काही वेळा तर एकाही फाइलमध्ये चूक नसते. एक फाइल लगेच चालणाऱ्या फंक्शनच्या कंसाने संपते, शेवटी अर्धविराम नाही. दुसरी तशाच कंसाने सुरू होते. वेगवेगळ्या टॅगमधून दोन्ही व्यवस्थित चालतात. सलग जोडल्या, की दुसरीचा कंस पहिलीच्या निकालाला हाक मारतो आणि 'इज नॉट अ फंक्शन' येतं. जुन्या लायब्ररींच्या सुरुवातीला अर्धविराम दिसतो, तो याचसाठी.

यावर कुणी म्हणेल, जावास्क्रिप्टच्या २०१५च्या प्रमाणकात मोड्यूल आले, बंडलर आहेत, सोर्स मॅप आहेत. आता ही चर्चा कशाला? मोड्यूलमुळे अवलंबित्व उघडपणे लिहावं लागतं, हा फार मोठा लाभ आहे. पण पैसे भरण्याची, नकाशाची, जाहिरातींची स्क्रिप्ट आजही बऱ्याचदा परक्या सर्व्हरवरून, स्वतंत्र टॅगने येते. सोर्स मॅप आक्रसलेल्या कोडमधली जागा मूळ ओळीशी जुळवतो, कारण सांगत नाही. शिवाय परक्या डोमेनवरच्या फाइलमधली एरर आपल्या पानाच्या 'ऑनएरर'पर्यंत पोचते तेव्हा तिचं नुसतं 'स्क्रिप्ट एरर' झालेलं असतं. फाइल नाही, ओळ नाही. हा दोष नव्हे. एका साइटने दुसरीची माहिती चोरू नये म्हणून केलेली ती योग्य तजवीज आहे. टॅगवर 'क्रॉसओरिजिन' आणि त्या सर्व्हरकडून परवानगीचा हेडर, दोन्ही असतील तरच तपशील मिळतो. तेव्हा कोडला हात लावण्याआधी पान रिफ्रेश करा, कन्सोलमधली पहिली लाल ओळ वाचा आणि नेटवर्क टॅबमध्ये प्रत्येक फाइल खरोखर आली का ते पाहा.