ग्रानाड्याची विलायती मेंदी

स्पेन देशाच्या दक्षिण भागांत, सिएरा नेवाडा या हिमाच्छादित पर्वताच्या पायथ्याशीं ग्रानाडा शहर वसलेलें आहे. तेथील अल्हंब्रा राजवाडा पाहावयास येणारा प्रवासी बहुधा वरच पाहत राहतो. छतांची नक्षी त्याची मान खालीं येऊं देत नाहीं. धाकट्या चिरंजीवांच्या समवेत तेथें जाण्याचा योग आला, तेव्हां प्रस्तुत लेखक मात्र एका चौकांतील झुडपांपाशीं रेंगाळला. "अण्णा, एवढी कारागिरी सोडून कुंपण काय पाहतां?" असें चिरंजीवांनीं विचारलें, यांत नवल नाहीं.

या चौकाचें नांवच मुळीं त्या कुंपणावरून पडलें आहे. मध्यें सुमारें 34 मीटर लांब व 7 मीटर रुंद असा हौद असून त्याच्या दोन्ही लांब कडांनीं मर्टलचीं झुडपें भिंतीसारखीं कातरून राखलीं आहेत. उत्तरेकडील 45 मीटर उंचीचा कोमारेस बुरूज पाण्यांत उलटा उभा दिसतो. पहिला युसुफ (1333–1354) व त्याचा पुत्र पांचवा महंमद यांच्या कारकीर्दींत हा वाडा उभा राहिला. 2 जानेवारी 1492 रोजीं शहर ख्रिस्ती राजाराणीच्या स्वाधीन झालें. 1526 सालीं व्हेनिसचा वकील आंद्रेआ नावाजेरो येथें आला, त्यानेंही हौदाकांठच्या या कुंपणाची वाखाणणी केली आहे. पुढें 1609 पासून मुसलमानांच्या बाटविलेल्या वंशजांस स्पेनमधून हांकून दिलें. माणसें गेलीं, शब्द राहिला! लॅटिन मूळचा 'मिर्तो' हा शब्द स्पॅनिश भाषेंत असतांही चौकास नांव आहे तें अरबी वळणाचें, 'आर्रायान'. त्याचें मूळ 'रैहान', म्हणजे सुवासिक वनस्पति. आपल्याकडे उर्दूंत सब्ज्यास रैहान म्हणतात, तोच हा.

या झुडपास आपण विलायती मेंदी म्हणतों, परंतु हातांस रंगविणाऱ्या मेंदीशीं तिचें कांहीं नातें नाहीं. जांभूळ, पेरू, लवंग यांच्या कुळांतली ती. पान उजेडाकडे धरिलें असतां सुईनें टोंचल्यासारखे ठिपके दिसतात. तेथेंच सुगंधी तेल असतें. फूल पांढरें, पांच पाकळ्यांचें, केसरांनीं भरलेलें. पेरूचें फूल लहान करून कल्पावें. फळ निळसर काळें. रोमन लोक ही डहाळी व्हीनस देवीस वाहत. यहुद्यांच्या सुक्कोथ सणास लागणाऱ्या चार वनस्पतींत तिची गणना आहे. आपल्या कोंकणांतील बेने इस्रायलांचा धर्म तोच. सार्डिनिया बेटांत फळांचें मद्य करितात, त्याचा येथें विस्तार नको.

हें कुंपण इतकीं शतकें आपोआप टिकलेलें नाहीं. डार्रो नदीचें पाणी दूरवर वरच्या अंगास अडवून कालव्यानें टेकडीवर आणिलें, तो कालवा राखला, मेलेल्या झुडपांच्या जागीं नवीं लावलीं. धनी बदलले, तरी पाणी घालणारा हात कोणाचा ना कोणाचा होताच. आमच्या कोंकणांतील घरीं मात्र धनी तेच आहेत! चार भाऊ चार शहरीं. वृंदावनांतली तुळस गेल्या तीन उन्हाळ्यांत तीनदां वाळली. घर विकावें असें धाकट्या बंधूंचें मत पडलें असून माझ्या सहीसाठीं कागद येऊन पडले आहेत. मीं अद्याप सही केलेली नाहीं.

ज्यांस ही मेंदी लावावयाची असेल त्यांनीं पावसाळा ओसरतांना अर्धवट जून झालेल्या फांदीचे सहा-सात बोटें लांब तुकडे घ्यावे, खालचीं पानें काढून वाळू मिसळलेल्या मातींत खोंचावे व सावलींत ठेवावे. मुळें धरल्यावर ऊन भरपूर द्यावें. पाणी तुंबलेलें तिला मुळींच खपत नाहीं, म्हणून कोंकणांत कुंडीच बरी. फुलें नव्या फुटीवर येतात; वरचेवर कातरल्यास कुंपण सरळ होतें, पण बहर बुडतो. घरच्या झाडास बहर सरल्यावरच कातर लावावी हें उत्तम. वाळलेलीं पानें पुरचुंडींत बांधून लुगड्यांच्या पेटींत ठेवावीं.

एका रोपवाटिकेंतून आणलेल्या रोपाच्या फांद्यांपासून मीं दोन कुंड्या तयार केल्या आहेत. एक येथें गच्चीवर आहे. दुसरी मार्गशीर्षांत कोंकणांत नेऊन वृंदावनाशेजारीं ठेवावयाची आहे. शेजारच्या काकूंनीं पाणी घालण्याचें कबूल केलें आहे, पण वैशाखापर्यंतच.