मूळ फाइल मागितली जाते तेव्हा

निष्कर्षांबरोबर मूळ नोंदी, विश्लेषणाचा संगणकीय कोड आणि कार्यपद्धतीही इतरांना पडताळता येईल अशा रीतीने उपलब्ध करून देणे, म्हणजेच खुले विज्ञान, हे विद्यार्थ्याला प्रबंध पूर्ण झाल्यावर शिकवता येत नाही. ते पहिल्या नोंदीपासून अंगवळणी पडावे लागते. एक्सेलच्या तक्त्यातील रिकामा सेल म्हणजे शून्य, की मोजमाप घेतलेच गेले नाही, हा प्रश्न नोंद करताना मनात येत नाही आणि वर्षभराने त्याचे उत्तर खुद्द नोंद करणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ, त्याचे एकक आणि रिकाम्या जागेचे कारण सांगणारे टिपण त्याच दिवशी लिहून घेणे हे मार्गदर्शकाचे खरे काम होय.

पडताळणीतून विद्यार्थी काय शिकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संकुलातले आहे. तेथे अर्थमितीच्या, म्हणजे आर्थिक प्रश्न संख्याशास्त्राने तपासणाऱ्या शाखेच्या, वर्गात प्रसिद्ध निबंधाचे आकडे पुन्हा काढण्याचा स्वाध्याय होता आणि थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यासाठी कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील २०१० चा निबंध निवडला. आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांनी मागणीवरून फाइल पाठवली, तेव्हा सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीवरच थांबल्याचे आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे देश सुटल्याचे दिसले. काही वर्षांच्या नोंदी वगळणे आणि देशांना दिलेले भारांक हे आक्षेप त्याहून गंभीर होते. ते सर्व जमेस धरता कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये या तपासणीवर हर्न्डनसोबत स्वतःचीही नावे घातली, आणि मार्गदर्शन म्हणतात ते हेच.

रुग्णांच्या नोंदींसारखी खाजगी माहिती अर्थातच सरसकट खुली करायची नसते. परंतु आपली चूक चारचौघांत उघडी पडेल ही विद्यार्थ्याची भीती निराळी असते आणि ती उपदेशाने जात नाही. मार्गदर्शकाने स्वतःच्या जुन्या निबंधाची फाइल त्याच्या हाती देऊन त्यातले आकडे पुन्हा काढायला सांगावे आणि जे जुळणार नाहीत त्यांचे उत्तर त्याच्यासमोर बसून शोधावे.