एकतीस आकड्यांची चकती

तारीख दाखवणाऱ्या दुर्मिळ मनगटी घड्याळांचा मला छंद आहे. खिसा शिक्षकाचा, त्यामुळे संग्रह बहुतेक कात्रणांचा! त्यांत जिनिव्हाच्या पाटेक फिलिपचे, १९४१ साली निघालेले १५१८ क्रमांकाचे घड्याळ मला फार प्रिय. वार, तारीख, महिना, चंद्राची कला, सारे त्यात दिसे. फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हेही त्याला आपले आपण कळे. त्याचे पोलादी नमुने चारच ठाऊक आहेत. एक २०१६ साली एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकांना विकला गेला. तेवढ्यात आमच्या सुप्यात किती शेते येतील, हा हिशेब मी घरात बोलून दाखवीत नाही. मात्र २१०० साली त्यालाही हात लावावा लागेल. त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही.

खरे घड्याळ माझ्याजवळ एकच, वडिलांचे एचएमटी. तारखेची चकती एकतीस आकड्यांची, म्हणून वर्षातून पाचदा महिना सरल्यावर किल्ली ओढून तारीख पुढे सारावी लागते. त्या सकाळी वडील आधी घड्याळ लावीत, मग चहा घेत. ते गेले. आईला आता नीट दिसत नाही, पण त्या पाच सकाळी ती न चुकता विचारते, "घड्याळ लावलंस का रे?" एरवी घड्याळाचे नावही काढीत नाही. पुढची पाळी एक डिसेंबरची.